प्लीज लावलं तरी ऑर्डर सोडल्यासारखं का वाटतं?

प्रश्न: ताई, मी दर ईमेलमध्ये न विसरता प्लीज लिहिते, तरी परवा मॅनेजर म्हणाले की परदेशी क्लायंटशी तू हुकूम दिल्यासारखं बोलतेस. 'प्लीज सेंड मी द फाइल' यात नक्की काय चुकलं?

उत्तर: अगं व्याकरण एकदम बरोबर आहे, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस. मराठीत आपण आदर क्रियापदातच घालतो, दे, द्या, द्याल का, आणि शिवाय तू, तुम्ही, आपण आहेतच, म्हणून 'फाइल पाठवा' कुणाला खटकत नाही. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच 'यू' आणि आज्ञार्थी क्रियापदही एकच, मग आदर दाखवायचा तर विनंती प्रश्नाच्या रूपात करायची, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. प्लीज लावलेली आज्ञा ही आज्ञाच राहते गं. 'कुड यू सेंड मी द फाइल, प्लीज?' म्हण. यातला 'कुड' भूतकाळाचा नाही, तो फक्त आग्रह सैल करतो.

पण काम केवढं आहे तेही बघ. पेन मागायला 'कॅन आय बॉरो युवर पेन?' पुरे, पण सुट्टीच्या दिवशी कुणाला काम करायला सांगायचं असेल तर 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...' असंच सुरू कर, आणि साध्या पेनासाठी एवढी लांबलचक सुरुवात केलीस तर ऐकणाऱ्याला वाटेल आता ही काय मोठं मागतेय.

आणि एक जागा जपून, तिथे भले भले गडबडतात. 'वुड यू माइंड सेंडिंग इट अगेन?' म्हणजे पुन्हा पाठवायला तुमची हरकत आहे का, त्यामुळे नुसतं 'येस' म्हटलं तर अर्थ होतो हो, हरकत आहे! पाठवणार असशील तर 'नॉट अ‍ॅट ऑल' किंवा सरळ 'शुअर' म्हण. आणि 'माइंड'नंतर क्रियापदाला आयएनजी लागतोच.

प्रश्न: मॅडम, मग पाहुण्यांना 'हॅव अ सीट' म्हणणं उद्धटपणाच झाला ना? ते पण आज्ञार्थीच आहे.

उत्तर: नाही हो, आणि तुमचा प्रश्न मला फार आवडला. जेफ्री लीच या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये हेच मांडलं की कष्ट कोणाला आणि फायदा कोणाला यावर नम्रपणा ठरतो. बसण्यात फायदा पाहुण्याचा, त्यामुळे तिथे आडूनआडून विचारलं तर उलट मनापासून वाटत नाही, विनंतीत मात्र कष्ट त्याला पडतात म्हणून प्रश्न लागतो. मदत देऊ करताना 'डू यू वॉन्ट हेल्प?' हे जवळच्या माणसांत चालतं, अनोळखी माणसाला 'वुड यू लाइक सम हेल्प?' बरं. इथे 'एनी'पेक्षा 'सम' घ्या, त्यात तुम्ही होकार धरून चाललाय हे कळतं आणि समोरच्याला संकोच वाटत नाही. स्वतःहून काही करायचं असेल तर 'शॅल आय ओपन द विंडो?', अमेरिकन माणूस बहुतेक 'डू यू वॉन्ट मी टू...' म्हणेल, दोन्ही ठीक.

प्रश्न: ईमेलच्या शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' लिहू का?

उत्तर: भारतात चालून जातं, बाहेरच्यांना ते जुनाट वाटतं, शिवाय नीडफुल म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यांनी ओळखायचं. त्यापेक्षा काम आणि तारीख लिहा, 'कुड यू साइन द फॉर्म बाय फ्रायडे?'