ग्वेइझोऊच्या खेड्यात शिकवायला निघालेल्या लेकीबद्दल

ताई, तुमची लेक न्यू जर्सीत वाढलेली, पासपोर्ट अमेरिकेचा, आणि तिला वर्षभर चीनच्या ग्वेइझोऊ प्रांतात, डोंगरातल्या प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायचंय. ती राहणार कशी, खाणार काय आणि दिवसभर करणार काय, असं तुम्ही विचारलंय. मी त्याच प्रांताच्या आग्नेय भागात, मियाओ आणि तोंग लोकांच्या मुलखात शिकवत होते (माझा पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा). तुम्हाला काळजी पहिल्या दोन प्रश्नांची आहे, पण तिची दमछाक करणार तो तिसरा, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तिकडे इंग्रजी साधारण तिसरीपासून असतं, आठवड्याला दोन-तीन तास. त्यातला एखादा परदेशी शिक्षिकेला मिळतो. बाकीचे तास नेहमीच्या बाईच घेतात, कारण परीक्षेच्या निकालाचा जाब त्यांना द्यायचा असतो. म्हणजे शाळेच्या दृष्टीने तुमची लेक पाहुणी. वर्गात शिरली की मॉनिटर ओरडणार, सगळे ताडकन उभे राहून "लाओशी हाओ!" (नमस्ते बाई) म्हणणार. तिने "हाऊ आर यू?" विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "फाइन, थँक यू, अँड यू?" ताप आलेलं पोरसुद्धा फाइनच! चाळीस मिनिटांत हा सूर मोडून एखाद्याच्या तोंडून त्याचं स्वतःचं एक वाक्य निघालं, तरी तास सत्कारणी लागला असं समजायचं. तुमची लेक दिसायला गोरी नाही, केस काळे, म्हणजे ही "खरी" परदेशी आहे की नाही, यावर पहिला आठवडा चर्चा चालेल. तिने ते मनाला लावून घेऊ नये. मुलं आठवड्यात विसरतात, मोठ्यांना जरा वेळ लागतो.

तास संपले की कर्मचारी खोलीत फोन घेऊन बसायचं नाही, हे तिला आत्ताच सांगा. शाळेचा दिवस तासांच्या बाहेरच जास्त असतो. सकाळी प्रत्येक वर्ग आपापला धडा मोठ्याने वाचतो, एकाच वेळी, ज्याच्या त्याच्या वेगाने. मधल्या सुट्टीत भोंग्यावर संगीत लागतं आणि सगळी शाळा मैदानात कवायतीला. सोमवारी झेंडावंदन, गळ्यात लाल रुमाल. मला सगळ्यात आवडायचा तो डोळ्यांचा व्यायाम. 1963 पासून चिनी शाळांत चालू आहे. भोंग्यावर आकडे मोजले जातात आणि मुलं डोळे मिटून भुवया, नाकाचा वरचा भाग, गालाची हाडं बोटांनी चोळतात. दुसऱ्या बाकावरची एक चिमुरडी दर वेळी एक डोळा किलकिला करून मी करतेय का ते बघायची. मी करत असले की समाधानाने पुन्हा मिटायची. झाडलोट मुलंच करतात; जिना, गटार, संडाससुद्धा वर्गावर्गांत वाटून दिलेले. तिनेही झाडू हातात घ्यावा. पाहुणेपण तिथेच कमी होतं.

जेवण शाळेतच. आपल्याकडच्या शालेय पोषण आहारासारखीच योजना तिकडे 2011 पासून आहे. तेव्हा दर मुलामागे दिवसाला 3 युआन होते, 2021 पासून 5. भात, कोबी, बटाटा, टोफू, थोडं डुकराचं मांस, आणि वर मिरची. तिखटाची भीती घालू नका, ग्वेइझोऊची माणसं आपल्या कोल्हापूरकरांना हार जाणार नाहीत. ती शाकाहारी असेल तर मात्र खरी अडचण आहे: नुसत्या कोबीलाही बऱ्याचदा डुकराच्या चरबीची फोडणी असते. स्वयंपाकाच्या मावशींशी पहिल्याच आठवड्यात दोस्ती करावी. खोलीत राईस कुकर ठेवावा, डाळ-मसाले सोबत न्यावेत, आणि भाज्या बाजाराच्या दिवशी घ्याव्यात. आपल्या आठवडी बाजारासारखा तो बाजार भरतो.

थंडी. सरकारी हीटिंग उत्तर चीनमध्ये असतं, दक्षिणेत नाही. हिवाळाभर भुरभुर पाऊस, कपडे वाळत नाहीत, मुलं वर्गात जाकिटं घालूनच बसतात. शिक्षकांच्या खोलीत टेबलाखाली विजेची शेगडी आणि वरून जाड पांघरूण. सगळी शाळा तिथेच गप्पा मारते. संडास बहुधा वेगळ्या इमारतीत. टॉर्च लागेल.

आता थोडं गंभीर. बऱ्याच मुलांचे आईबाप ग्वांगडाँग नाहीतर झेजियांग प्रांतातल्या कारखान्यांत असतात, मुलं आजी-आजोबांकडे. 2001 नंतर लहान वस्त्यांच्या शाळा बंद करून मोठ्या शाळांत मिळवल्या, त्यामुळे आठ-नऊ वर्षांची पोरंही आठवडाभर शाळेतच झोपतात. वसंतोत्सवाला (चिनी नववर्षाला) आईबाप येतात, पंधरा-वीस दिवसांत जातात, आणि त्यानंतरचे दिवस वर्गात शिकवणं अवघड होतं. जवळची माणसं निघून जातात, हे या मुलांना फार लवकर कळलेलं असतं. म्हणून माझं ठाम मत: जायचं तर पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी, सप्टेंबर ते जुलै. तीन महिन्यांची हौस असेल तर शहरातल्या शाळेत जावं. आणि आधी चिनी शिकावं. मुलांच्या आजीला चिनीही कळेलच असं नाही, घरभेटीला गेल्यावर नातूच दुभाषा होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: कामाचा झेड व्हिसा, त्यासाठी पदवी, आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा शिकवण्याचं प्रमाणपत्र. पोचल्यावर 24 तासांत पोलीस चौकीत नोंद, 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. "आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणायचं. परवान्यावर ज्या संस्थेचं नाव, तिथेच काम करता येतं.

राहिला फोन. व्हॉट्सॲप आणि जीमेल तिथल्या नेटवर चालत नाहीत. तुम्ही वीचॅट हे चिनी मेसेजिंग ॲप आत्ताच घेऊन ठेवा. पुण्यातल्या आजीला ते जमणार नाही, भारतात 2020 पासून बंदी आहे. त्यांच्यासाठी लेकीने अमेरिकेचं सिम रोमिंगवर चालू ठेवावं, त्यावर व्हॉट्सॲप लागतं.