विज्ञानकथा मालिकेत लाडकं पात्र मेलं की वाचक एवढे का चिडतात?

कारण त्या पात्रासोबत त्यांची वर्षं गेलेली असतात. 'स्टार वॉर्स' या अंतराळ-चित्रपटमालिकेतला च्युबाका बघा, नायक हान सोलोचा केसाळ परग्रही साथीदार. पडद्यावर तो १९७७ पासूनचा, आणि १९९९च्या 'व्हेक्टर प्राइम' कादंबरीत त्याला मारलं. हान सोलोच्या धाकट्या मुलाला यानात ढकलून तो स्वतः मागे राहिला, वरून ग्रहावर चंद्र कोसळत होता. लेखक आर. ए. साल्व्हाटोरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. निर्णय त्यांच्या एकट्याचा नव्हताच! धमक्या लाजिरवाण्या, पण दुःख खरं होतं. माझ्या मते मरण उत्तमच लिहिलंय. पुढे २०१४ मध्ये 'व्हेक्टर प्राइम'सारख्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून वगळल्या आणि २०१५च्या चित्रपटात च्युबाका जिवंत दिसला. तरी तो चंद्र मला आठवतोच.