दम्याच्या स्टेरॉइड गोळ्यांनी मेंदूतली जनुकं बदलतात का? गोळ्या लगेच बंद कराव्यात का?

तुमची आई दम्यासाठी काही महिने प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड गोळी घेतेय आणि मेंदूतली जनुकं बदलतात हे वाचून तुम्ही घाबरलाय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: स्वतःच्या मनाने बंद अजिबात करू नका.

जनुक बदलत नाही, ते किती वाचलं जातं एवढंच बदलतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमधल्या पेशी सीआरएच नावाचं पेप्टाइड बनवतात. 41 अमिनो आम्लांची ही साखळी 1981 साली मेंढीच्या मेंदूत सापडली. तिच्या सांगण्यावरून पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते आणि मग मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार करतात. प्रेडनिसोलोन कॉर्टिसोलसारखंच काम करतं. पेशीत शिरून ते रिसेप्टरला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, रिसेप्टर केंद्रकात जातो आणि सीआरएचच्या जनुकाचा एमआरएनए, म्हणजे जनुक वाचून काढलेली नक्कल, कमी बनू लागतो. पिट्युटरीतही तसंच. टाकी भरली की फ्लोट वर येऊन मोटार थांबते, तसला प्रकार. पण मोटार फार दिवस बंद राहिली की अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसतात. गोळी थांबवली तरी त्या लगेच जाग्या होत नाहीत. मग गळाल्यासारखं वाटतं, उलट्या होतात, बीपी उतरतं. वेळेत उपचार नाही मिळाले तर जिवावर बेततं.

निपाणीत माझं मेडिकल आहे. तंबाखूच्या वखारी आणि विड्यांचं गाव, त्यामुळे खोकल्या-दम्याच्या चिठ्ठ्या रोजच्याच. मिरजेच्या डॉक्टरांनी 20, मग 15, 10, 5 मिलिग्रॅम असं उतरत लिहिलेलं असतं आणि मावशी म्हणतात, "अर्धीच स्ट्रिप दे बाळा, आता बरं हाय." उतरता डोस त्या ग्रंथींना सावरायला वेळ मिळावा म्हणून असतो, हे काउंटरवर समजावताना मागे रांग लागते, पण इलाज नाही.

हे फक्त स्टेरॉइडचंच नाही. हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारांवरचं औषध दिलेल्या उंदरांच्या मेंदूत एन्केफॅलिन या पेप्टाइडचा एमआरएनए वाढलेला दिसतो. शिवाय सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप नेणारं रसायन सुटलं की पेशी ते परत ओढून घेते, पेप्टाइडचं तसं नाही. ते जनुकापासून नव्याने बनवावं लागतं. माझ्या मते इंटरनेटवरच्या भीतीपेक्षा ही माहिती कामाची.

आईच्या डॉक्टरांना विचारून डोस उतरवा. मध्ये ताप आला, उलट्या झाल्या किंवा ऑपरेशन ठरलं, तर स्टेरॉइड चालू असल्याचं तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. अशा वेळी डोस उलट वाढवावा लागतो.