रेक्याविकमध्ये राहायचं कुठे?

आइसलंडच्या या राजधानीत पहिल्यांदाच जाताय आणि गाडी भाड्याने घेणार नसाल, तर सरळ १०१ या पिनकोडमध्येच, म्हणजे मध्यवस्तीत खोली बघा. लाउगावेगुरचा बाजाररस्ता, हालग्रिम्सचं उंच चर्च, जुनं बंदर, सगळं पायी होतं. विमानतळ केफ्लाविकला, सुमारे ५० किलोमीटर लांब. तिथलं स्वस्त हॉटेल फक्त पहाटेच्या विमानासाठी ठीक.

पण १०१ मध्येही ऐन लाउगावेगुरवरची खोली नको. शुक्रवार-शनिवारी तिथले बार पहाटेपर्यंत चालतात, झोपेचं खोबरं होतं. दोन गल्ल्या आत शिरा, फरक कळेल. शिवाय मोठ्या टूर बसना मध्यवस्तीत येऊ देत नाहीत; त्या नंबर घातलेल्या ठरावीक थांब्यांवरून माणसं घेतात. बुकिंगआधी नकाशात जवळचा थांबा बघाच, जानेवारीत घसरड्या फुटपाथवर बॅग ओढणं म्हणजे शिक्षा.

गाडी असेल तर गणित उलटं. मध्यवस्तीत पार्किंगला पैसे पडतात, म्हणून मध्यवस्तीबाहेरच्या लाउगारदालुर भागाकडे बघा. गरम पाण्याचा मोठा सार्वजनिक तलावही तिथेच आहे.

माझ्या मते बाल्कनी-बिल्कनीपेक्षा स्वयंपाकघर महत्त्वाचं. हॉटेलातलं जेवण भयंकर महाग. गुलाबी डुकराची पाटी असलेल्या 'बोनुस' या सुपरमार्केटमधून सामान आणा, खिचडी टाका. (हो, डुकराचं चित्र असलं तरी आत डाळ-तांदूळही मिळतात!) गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, त्यावरून हॉटेलला नावं ठेवू नका. प्यायला थंड नळ, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. आणि जूनमध्ये जात असाल तर जाड पडदे आहेत का, हे आधीच विचारा; तेव्हा रात्रीही नीट अंधार पडत नाही.