दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, कामावर कधी जाऊ?

तुम्ही विचारलंय: अपेंडिक्स दुर्बिणीतून काढून पाच दिवस झाले, पलंगावरून उठताना बेंबीपाशी कळ येते, काम टेबलावरचं आहे पण मधूनमधून दहा-बारा किलोची खोकी उचलावी लागतात, तर रजा किती घेऊ?

टेबलावरचं काम बहुतेकांना एक ते दोन आठवड्यांत जमतं. खोक्यांचा हिशेब वेगळा ठेवा. कातडी आठवडाभरात जुळते, पण तिच्याखालचा पोटाच्या भिंतीचा चिवट पडदा ताकद धरायला कित्येक आठवडे घेतो. त्यामुळे मला खरी काळजी वाटते ती आठव्या ते पंधराव्या दिवसाची. दुखणं ओसरलेलं असतं, माणसाला बरं वाटतं आणि तो भरलेली बादली उचलतो. बेंबीतलं छिद्र सहसा सगळ्यांत मोठं, दहा-बारा मिलिमीटरचं असतं आणि बऱ्याचदा अपेंडिक्सही तिथूनच बाहेर काढतात. म्हणून कळही तिथेच जास्त येते, आणि पुढे हर्निया झालाच तर तोही बहुधा तिथेच होतो. किमान दोन आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलू नका. खोकी चार आठवड्यांनंतर आणि तीही तुमच्या सर्जनना विचारूनच. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर सहा आठवडे धरा. घरात लहान मूल असेल तर त्याला उचलून घेऊ नका, तुम्ही बसा आणि त्याला शेजारी चढून येऊ द्या.

उठताना कळ येते कारण तुम्ही सरळ उठून बसताय. तसं उठताना सगळा भार पोटाच्या स्नायूंवर येतो. आधी दोन्ही गुडघे वाकवा. खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर या, मध्ये पीळ पडू देऊ नका. मग पाय पलंगावरून खाली सोडा आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरचा तळहात गादीवर रेटून उठा. श्वास सोडत उठा, रोखून धरू नका. मिनिटभर काठावर बसा आणि चक्कर येत नाही ना हे पाहूनच उभे राहा. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की घडी केलेली उशी जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा. खोकला दाबू मात्र नका, छातीत कफ साठून राहतो.

खांदा दुखत असेल तर घाबरू नका. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल चिडतं आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत जाते, चालल्याने लवकर जाते. तसंही दर दोन-तीन तासांनी पाच-दहा मिनिटं चाला. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून याहून सोपा उपाय नाही.

वेदनाशामक गोळ्यांत लोक दोन चुका करतात. एक म्हणजे कळ असह्य झाल्यावरच गोळी घेणं. पहिले काही दिवस ती लिहून दिलेल्या वेळेलाच घ्या, म्हणजे चालता येतं आणि खोल श्वास घेता येतो. दुसरी चूक म्हणजे पॅरासिटामॉल नकळत दुप्पट घेणं. ते सर्दीच्या आणि दोन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांमध्येही असतं. प्रौढ माणसाला चोवीस तासांत सगळं मिळून चार ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजन पन्नास किलोच्या खाली असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहूनही कमी, तेव्हा डॉक्टरांना विचारा.

ट्रॅमाडॉल किंवा कोडीन ही जोरदार वेदनाशामकं असलेल्या गोळ्यांनी बऱ्याचदा बद्धकोष्ठ होतं. कुंथलं की ताण थेट टाक्यांवर येतो. पाणी भरपूर प्या, भाज्या-फळं खा, शौचाला बसताना पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या. तरी दोन-तीन दिवस काही झालं नाही तर शौच मऊ करणारं औषध मागून घ्या. लाजायचं कारण नाही.

जखम पहिले ४८ तास कोरडी ठेवायची असते. त्यानंतर अंगावर पाणी घेऊन आंघोळ चालते. जखमेवर साबण चोळू नका, मऊ कापडाने टिपून घ्या. टब किंवा पोहणं दोन आठवडे तरी नको. कागदी पट्ट्या किंवा गोंद असेल तर तो आपोआप निघेल, ओढू नका. पावडर, हळद, मलम काहीही लावू नका. टाक्यांखाली लागणारी कडक वळी किंवा आजूबाजूची बधिरता ही भरणाऱ्या जखमेची खूण आहे.

गाडी चालवायच्या आधी ती उभी असतानाच जोरात ब्रेक दाबून पाहा आणि मागे वळून पाहा. कळ आली किंवा गुंगी आणणारी गोळी चालू असेल तर चालवू नका. कामावर पहिला आठवडा जमलं तर अर्धा दिवस मागून घ्या. पोटात काही दुखत नसतानाही दुपारी एकदम थकवा येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'कामास योग्य' नको, 'अमुक तारखेपर्यंत वजन उचलू नये' असं लिहून घ्या, म्हणजे खोक्यांवरून वाद होत नाही.

एक गोष्ट आजच डिस्चार्ज कार्डावर पाहा: अपेंडिक्स फुटलेलं होतं का? असेल तर वरचे सगळे दिवस वाढतात, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करावा लागतो आणि आठवडाभराने पोटात पू साचण्याचा धोकाही राहतो.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. कमी होऊन पुन्हा वाढलं, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर गेला, जखमेभोवतीची लाली पसरत चालली, पू आला, उलट्या थांबेनात, पोट फुगून वायूही सरेनासा झाला किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तरीही तसंच. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनची वाटही पाहू नका, सरळ इमर्जन्सीत जा.