काचा दुसरीकडे दाखवल्या तर डॉक्टर रागावतील का?

राळेगाव तालुक्यातलं जोडपं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. कापसाची वेचणी ऐन भरात होती. ताईंच्या डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ, सुईने तुकडा काढून तपासलेला, रिपोर्टमध्ये कॅन्सर. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. रिपोर्ट वाचून मी म्हटलं, "आधी ब्लॉक आणि काचा, म्हणजे तपासलेला तुकडा, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे तो भिंगाखाली बघणाऱ्या डॉक्टरला, दाखवू या."

भाऊ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, डॉक्टरसाहेबाले राग येईन ना? अन् तेवढ्यात गाठ पसरली तं?"

हे दोन प्रश्न मला घरोघरी ऐकू येतात. रागाचं उत्तर मी तिथेच फोन लावून दिलं. सर्जननी ब्लॉक मिळावा म्हणून स्वतः चिठ्ठी लिहून दिली. टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी तर बाहेरून आलेल्या रुग्णाच्या काचा तिथले पॅथॉलॉजिस्ट पुन्हा बघतात. यात कुणाचा अपमान नाही.

पसरण्याचं म्हणाल, तर ही गाठ महिनोन्‌महिने वाढत आलेली असते. आठ-दहा दिवसांनी सहसा फरक पडत नाही, आठ महिन्यांनी पडतो. दुसरं मत घ्यायला म्हणून निघालेली माणसं झाडपाल्याच्या वाटेला लागून थेट पुढच्या पेरणीला परत येताना मी पाहिली आहेत. म्हणून परत यायची तारीख मी आधी कागदावर लिहून घेते.

सहसा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो, तोच ब्लॉक. त्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर लावतात. ब्लॉक नेताना पावती घ्या, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो गाडीत उन्हात ठेवू नका. मेणच ते.

भाऊ पावती आणायला गेले तेव्हा ताईंनी हळूच विचारलं, "रिपोर्ट चुकीचा निघन का, मॅडम?"

हा प्रश्न मला सगळ्यात जड जातो. क्वचित निघतो. स्तनातल्या काही साध्या गाठी भिंगाखाली कॅन्सरसारख्या दिसतात, खास रंग लावूनच फरक कळतो. पण त्या आशेवर त्यांना पाठवणं मला पटेना. मी म्हटलं, "ताई, कॅन्सर नाही असं येईल म्हणून जाऊ नका. कोणत्या जातीचा आहे ते कळायला जा." त्या रडल्या. मी त्यांचा हात धरून बसले.

कारण रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (वाढीला जोर देणारं प्रथिन गाठीत जास्त आहे का) या तपासण्याच नव्हत्या. त्या याच ब्लॉकवर होतात, आणि एवढ्या गाठीत आधी ऑपरेशन की आधी औषध हे बरंचसं त्यांवर ठरतं.

नागपूरहून नवव्या दिवशी निकाल आला. कॅन्सर होताच, पण हर-टू ठळक पॉझिटिव्ह. त्याच सर्जननी गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकललं. आधी केमो आणि हर-टूवरच काम करणाऱ्या ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं झाली. गाठ इतकी आकसली की पुढे पूर्ण स्तन काढावा लागला नाही.

ऑपरेशननंतरचा रिपोर्ट घ्यायला भाऊ एकटेच आले होते. कागद घडी करून खिशात ठेवला आणि खिडकीवरच्या पोराला विचारलं, "अन् याचा ठोकळा कोठी ठेवला, बाप्पा?"