मुलीला बाळंतिणींच्या घरी जायचं आहे, वडिलांना लातूरची बॅच हवी आहे

पत्र थोडक्यात असं: "मी जालना जिल्ह्यात ग्रामसेवक आहे. मुलीला बारावी सायन्सला ७४ टक्के होते. नीट दोनदा झाली. पहिल्यांदा २६१, यंदा २९८. आता लातूरला रिपीटर बॅचला घालायचं ठरवलं आहे. फी एक लाख ऐंशी हजार, पतसंस्थेचं कर्ज मंजूर आहे. माझी सख्खी बहीण गावातच आशा सेविका आहे. मागच्या वर्षी मुलगी तिच्यासोबत बाळंतिणींच्या घरी जायला लागली आणि तेव्हापासून हेच खूळ डोक्यात बसलं. मला न सांगता नर्सिंगची सीईटी दिली, फॉर्मचे पैसे बहिणीने भरले. म्हणते, गरीब घरातल्या नव्या आयांसाठी घरभेटीचं काम करायचं. घड्याळ लावून बाळाचे श्वास मोजायचे, याला काय बुद्धी लागते? त्यात पैसा नाही हे नोकरीमुळे मला चांगलं माहीत आहे. मुलीचं बहिणीकडे जाणं मी बंद केलं आहे. महिना झाला, मुलगी माझ्याशी बोलत नाही, पण अभ्यासाला बसते, त्यामुळे ती काळजी नाही. तुम्ही तिला समजवा."

नमस्कार,

तुमच्या मुलीला मी काही समजावणार नाही. बोलायचं आहे ते तुमच्याशी.

"बोलत नाही, पण अभ्यासाला बसते, त्यामुळे ती काळजी नाही." तुमच्या पत्रातल्या या एका वाक्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी बापाशी महिनाभर बोलत नाही, आत्याचं घर तिला बंद झालं आहे, आणि सांगितलं की मुकाट्याने पुस्तक उघडून बसते. ही शिस्त वाटत असेल तर कृपा करून पुन्हा एकदा बघा. भांडणारं, दार आपटणारं मूल निदान अजून आपल्याशी झगडत असतं. गप्प होऊन बसलेल्या मुलाने आपल्याकडून काही ऐकून घेतलं जाईल ही आशा सोडलेली असते. ती नीट जेवते का, रात्री झोपते का, मैत्रिणींचे फोन घेते का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. फी मात्र हजारापर्यंत लिहिली आहे.

तेव्हा आधी एवढं करा. आजच संध्याकाळी तिला सांगा की आत्याकडे जायला हरकत नाही. त्यासोबत कुठलीही अट घालू नका, "पण आधी अभ्यास" असंही म्हणू नका. ती लगेच बोलायला लागेल असं नाही, वेळ द्या. तिचं खाणं-झोपणं बिघडलं असेल, निरवानिरवीची भाषा येत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि पालकांनीही करावा. करिअरचा विचार त्यानंतर.

आता लातूर. दोनदा परीक्षा देऊन २६१ चे २९८ झाले. सरकारी एमबीबीएसची जागा इथून फार लांब आहे, तिसऱ्या प्रयत्नाने हे अंतर भरून निघेल असं मला वाटत नाही. तिची स्वतःची तीव्र इच्छा असती तर मी वेगळा विचार केला असता. इथे इच्छा तुमची आहे, कर्ज तुमचं आहे आणि वर्ष मात्र तिचं जाणार आहे. माझं मत स्पष्ट आहे: बॅच नको.

"श्वास मोजायला काय बुद्धी लागते" या तुमच्या प्रश्नावर मला जरा थांबायचं आहे, कारण हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. तुमची बहीण बाळंतिणीच्या घरी जाते तेव्हा आधी साबणाने हात धुते. बाळ शांत असताना त्याचं पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच भरले तर तो धोका समजून बाळाला दवाखान्यात पाठवते. छाती आत ओढली जाते का, नाळेजवळ पू आहे का, बाळ ओढून दूध पितं की तोंड लावून सोडून देतं, हे बघते. झोळीच्या काट्यावर वजन घेते, अडीच किलोच्या आत असेल तर जास्त लक्ष ठेवते. आणि हे सगळं करते ते सासू दारात उभी असताना, "आमच्याकडे सव्वा महिना बाळ बाहेर काढत नाहीत" हे ऐकत, कुणाला न दुखावता. नवजात बाळाला न्यूमोनिया किंवा जंतुदोष झाला तर तासातासाने बिघडत जातं. घरचे म्हणतात, झोपाळू आहे. त्या घरात मोजणारं माणूस पोचलं की नाही, यावर बाळ वाचणं अवलंबून असतं. हे काही अंदाजाने म्हणत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना हे काम शिकवलं. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला, आणि २०११ पासून देशभरच्या आशा ज्या घरभेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे. विदर्भातल्या खेड्यात उभी राहिलेली ही विद्या आहे. तुमच्या मुलीला ती महत्त्वाची वाटली यात तिची समज दिसते.

यात पैसा नाही, हे तुमचं म्हणणं. खरं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी पूर्ण केल्यावर आशेला २५० रुपये मिळतात. म्हणजे एका भेटीचे बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. महाराष्ट्रातल्या आशांना २०२४ च्या सुरुवातीला आठवडेच्या आठवडे संप करावा लागला, तेव्हा कुठे राज्याने मानधनात पाच हजारांची वाढ दिली. मी हे झाकून ठेवणार नाही आणि तुमच्या मुलीनेही ते नीट जाणून घ्यावं.

पण ग्रामसेवक म्हणून तुम्ही हे लिहिता, तेव्हा एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी घटनेत घातली. त्यात आरोग्य आहे, कुटुंबकल्याण आहे, महिला व बालविकास आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दरवर्षीच्या विकास आराखड्यात नऊ संकल्पना असतात, त्यात आरोग्यदायी गाव आणि बालस्नेही गाव या दोन आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला ७०,०५१ कोटी रुपये ठेवले. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. तुमच्या गावचे ते दहा टक्के गेल्या तीन वर्षांत कशावर गेले? शिलाई मशीन, हळदीकुंकवाचा मंडप, अंगणवाडीची रंगरंगोटी? बहिणीचा वजनकाटा बिघडला तर तो दुरुस्त करायला कुणाकडे पैसे मागायचे हे तिला माहीत आहे का? वस्तीवर भेटीला जायला तिला गाडीभाडं कोण देतं?

तुमची ग्रामपंचायत छोटी असेल, वसुली कमी असेल, दहा टक्के म्हणजे काही हजारच असतील. त्यातून कुणाचा पगार निघणार नाही हे मान्य. काटा, थर्मामीटर, कमी वजनाच्या बाळाला गुंडाळायचं उबदार कापड आणि वस्तीपर्यंतचं भाडं मात्र नक्की निघेल. या कामाला किंमत नाही असं मुलीला सांगताना, ती किंमत ठरवणारा कागद काही अंशी तुमच्याच टेबलावरून जातो हे विसरू नका.

बाहेरचंही एक उदाहरण देते, कारण घरभेट म्हणजे अडाणी कामच असा तुमचा समज दिसतो. इंग्लंडमध्ये बाळ जन्मलेल्या प्रत्येक घरी 'हेल्थ व्हिजिटर' जाते. ती आधी नोंदणीकृत नर्स किंवा सुईण असते आणि त्यावर पुन्हा वेगळं शिक्षण घेते. गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या घरी जाते, गरज जास्त तिथे जास्त वेळा. ऑक्टोबर २०१५ पासून हा खर्च तिथल्या स्थानिक कौन्सिलांकडे गेला, वरून येणारं अनुदान आटत गेलं आणि त्यानंतरच्या वर्षांत या नर्सांची संख्या खूप घटली. श्रीमंत देशातही हे काम स्थानिक संस्थेच्या बजेटवर जगतं आणि तिथेच मार खातं. तुमच्या मुलीला या क्षेत्रात यायचं असेल तर श्वास मोजण्याइतकंच बजेट वाचणंही शिकावं लागेल. ते तिला घरात शिकवू शकेल असा माणूस तुम्हीच आहात.

रस्ते तसे सरळ आहेत. ती आशा होईल ही भीती सोडा. त्या निवडीत पंचवीस ते पंचेचाळीस वयाची, त्याच गावात राहणारी विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री घेतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आहे, त्यातून समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं, बहुतेक जागा कंत्राटी असतात. पुढे सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. दुसरी वाट समाजकार्याची, बीएसडब्ल्यू आणि मग एमएसडब्ल्यू. पदवीनंतर जिल्हा परिषदेची मुख्यसेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका) भरती आणि एमपीएससीतून बालविकास प्रकल्प अधिकारी हेही आहेच, पण त्या जाहिराती कधी निघतील याच्या भरवशावर वर्षं काढू नयेत.

मी तिला नर्सिंग सुचवेन. तिला तपासण्यात, मोजण्यात रस आहे हे तुमच्याच पत्रातून दिसतं, आणि नर्सिंगची नोंदणी हातात असली की कंत्राट संपलं तरी ती घरी बसणार नाही. समाजकार्यातल्या पहिल्या नोकऱ्यांचे पगार फार कमी असतात आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते.

एक प्रश्न मात्र तिने आत्तापासून मनात ठेवावा असं मला वाटतं. तुमच्या भागातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला टोळ्या जातात. त्यात नुकत्या बाळंत झालेल्या बायका असतात. सातव्या दिवसाची भेट गावात होते, एकविसाव्या दिवशी ते बाळ कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतं. इथली आशा म्हणते, घराला कुलूप आहे. तिथल्या आशेच्या यादीत ती आई नाहीच. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत कोपी आहे, तिच्या आराखड्यात या बाळाचा रुपया धरलेला नाही, कारण ते त्या गावचं नाही. जिला सगळ्यात जास्त गरज आहे तीच आई दोन गावांच्या मधल्या फटीत पडते. इथलाच माणूस, जो हे रोज बघतो, तो यावर काही करू शकतो. तुमच्या मुलीने आत्याबरोबर फिरताना अशी कुलूपबंद घरं पाहिली असणार. एकदा विचारून बघा. कदाचित महिनाभरानंतरचं तुमचं पहिलं बोलणं याच विषयावर होईल.

तिला गडचिरोलीचं काम जवळून बघायचं असेल तर 'सर्च'चा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम आहे, त्याची निवड प्रक्रिया तिने पाहावी. तिथे सोडायला तुम्ही स्वतः गेलात तर उत्तम.

सीईटी तिने चोरून दिली याचा तुम्हाला राग आहे. मला त्यात दिसतं ते असं की, दोनदा नापसंतीचा पेपर देऊनही तिसऱ्या परीक्षेचा अभ्यास तिने स्वतःहून केला. बहिणीने पैसे भरले म्हणून तिच्याशीही अबोला धरला असेल तर तो सोडा, तिने तुमच्या लेकीचं एक वर्ष वाचवलं आहे.

पतसंस्थेला कर्ज नको म्हणून कळवा. सीईटीचा निकाल आणि कॅप राऊंडचं, म्हणजे प्रवेश फेऱ्यांचं वेळापत्रक सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मुलीसोबत बसून बघा. अधिवास, जात प्रमाणपत्र, लागू असेल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर यातलं काय नाही त्याचा अर्ज या आठवड्यात टाका, पडताळणीचा जिल्हा जात पडताळणी समितीकडे आणि बाकीचे तहसीलला, कारण पडताळणीला वेळ लागतो. पसंतीक्रम भरताना सरकारी कॉलेजं आधी टाका, छत्रपती संभाजीनगर जवळ पडतं म्हणून तेवढ्यावरच थांबू नका. खासगी कॉलेज घ्यायची वेळ आली तर इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांची मान्यता आहे का, आणि प्रात्यक्षिकासाठी कॉलेजला खरंच चालू रुग्णालय जोडलेलं आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघितल्याशिवाय पैसे भरू नका.